वैमानिकाची कैफियत

नगर जिल्ह्यांतील एका तरुण कवीनें आपलें नऊ कडव्यांचें एक कवन आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविलें आहे. त्याचा विषय पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. १९७० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत दक्षिण अमेरिकेंतून उत्तर अमेरिकेंत गांजा व कोकेन हीं मादक द्रव्यें लहान लहान विमानांतून चोरून नेण्याचा मोठा धंदा चालला होता. त्या धंद्यांतील एका वैमानिकाच्या तोंडीं हें कवन घातलेलें आहे. चाल पोवाड्याची, साथ डफ-तुणतुण्याची, आणि बोलणारा मात्र फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर राहणारा, उतारवयास लागलेला एक विमानवाला! कवीनें सोबतच्या पत्रांत विचारलें आहे कीं, असें गाणें मराठींत शोभेल काय, आणि शोभलें तरी तें चोराचें स्तोत्र ठरेल काय. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांचें उत्तर खासगी पत्रानें धाडण्यापेक्षां येथें चारचौघांत देणें आम्हांस इष्ट वाटतें. कारण गुन्हेगाराच्या तोंडून गाणें वदविण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे, व तीं गाणीं घराघरांतील मुलें कानांस यंत्र लावून एकांतांत ऐकत असतात. आईबापांच्या कानांवर तीं पडतच नाहींत.

प्रथम कवनाविषयीं. कवीची भाषा स्वच्छ आहे, यमकें ओढूनताणून आणलेलीं नाहींत, आणि काळोख्या समुद्रावरून एकटेंच चाललेलें विमान त्यानें मोठ्या तन्मयतेनें रंगविलें आहे. परंतु सहा कडवीं संपलीं तरी विमानांत काय भरलें आहे हें आम्हांस कळलें नाहीं. तें कोठून निघालें व कोठें उतरणार हेंहि कळलें नाहीं. चांदणें आहे, ढग आहेत, वारा आहे, दूरचे दिवे आहेत. सातव्या व आठव्या कडव्यांत नायक ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकतो. आणि नवव्यांत एकाएकीं आवाज बदलून तोच माणूस तरुणांस निर्व्यसनी राहण्याचा उपदेश करूं लागतो! आठ कडवीं नशेची खुमारी आणि एक कडवें ताकाचा उतारा, असा हा प्रकार झाला आहे. खरें सांगावयाचें तर या कवनांत वैमानिक कोठेंच नाहीं. अंगणांत बाज टाकून आकाशाकडे पाहात पडलेला एक कवि मात्र आहे.

वैमानिक आकाशाकडे पाहात नाहीं असें नाहीं. पण त्याचें पहिलें लक्ष वजनाकडे असतें. प्रत्येक विमान जास्तींत जास्त किती भार घेऊन जमीन सोडूं शकेल, हें तें बांधणाऱ्यांनीं ठरवून दिलेलें असतें. त्या भारांत माणसें, माल आणि इंधन हीं तिन्ही आलीं. एक लिटर पेट्रोल वाढविलें कीं पाऊण किलोच्या आसपास वजन वाढतें. कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यापासून फ्लॉरिडापर्यंतचें अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक आहे, आणि मध्यें बहुतेक समुद्रच. माल अधिक घ्यावा तर इंधन कमी घ्यावें लागतें. इंधन अधिक घ्यावें तर माल उतरवावा लागतो, आणि माल उतरविला कीं मालक संतापतो. म्हणून हे लोक विमानांतील खुर्च्या उपटून टाकीत, त्या जागीं इंधनाच्या जादा टाक्या बसवीत, आणि उरलेल्या पोकळींत गठ्ठे कोंबीत. पेट्रोलच्या वासांत सहा-सात तास बसून, दिवे मालवून, रडारला दिसूं नये म्हणून पाण्यापासून थोड्याच उंचीवरून जावयाचें. कित्येकजण विमान उतरवीतच नसत. गठ्ठे समुद्रांत टाकून देत, व वाट पाहाणाऱ्या वेगवान होड्या ते उचलीत. बहामा बेटांपैकीं नॉर्मन्स के हें चिमुकलें बेट कार्लोस लेडर नांवाच्या कोलंबियन सरदारानें १९७८ पासून जवळजवळ आपलेंच करून टाकलें होतें. तेथील धावपट्टीवर हीं विमानें रात्रंदिवस उतरत, इंधन भरीत आणि पुढें जात. निघण्याची जागा बहुधा जंगल तोडून केलेली कच्ची पट्टी असे. पाऊस पडून गेला कीं चाकें चिखलांत रुतत. दुपारच्या उन्हांत हवा विरळ होते, आणि तेंच वजन उचलावयास अधिक लांब धांव लागते. समोर झाडांची भिंत, मागें बंदूकवाले, आणि मधल्या त्या कांहीं शें हातांत विमान उचललें पाहिजे! हें सारें ज्यानें अनुभविलें त्या माणसाच्या तोंडीं पहिला शब्द चांदण्याचा येणार नाहीं. तो एकच प्रश्न विचारील: ‘किती?’ किती किलो, किती लिटर, किती लांब, किती वाजतां.

या विषयाचें मर्म आम्हांस नेमकें येथें दिसतें. मालमोटारीचा चालक म्हणूं शकतो कीं, ताडपत्रीखालीं काय होतें तें मला ठाऊक नव्हतें. स्टेशनावरचा हमाल म्हणूं शकतो कीं, पेटी मीं उचलली, उघडली नाहीं. वैमानिकास ही सोय नाहीं. आपण काय वजन उचलीत आहों, तें कोठें रचलें आहे, पुढें आहे कीं मागें, हें ठाऊक नसेल तर त्याचें विमानच उडणार नाहीं. म्हणजे तो मालाकडे पाहातो. इतर कोणाहिपेक्षां बारकाईनें पाहातो. मात्र तो ‘किती’ एवढेंच विचारतो. ‘काय’ हा प्रश्न तो विचारीत नाहीं, कारण त्याचें उत्तर त्यास पहिल्यापासूनच माहीत असतें. साऱ्या आयुष्यांत ‘किती’ हा प्रश्न अचूक विचारणारा आणि ‘काय’ हा प्रश्न अचूक टाळणारा माणूस, असा हा नायक आहे. त्याचें गाणें करावयाचें तर तें या दोन प्रश्नांमधल्या फटींत वसलें पाहिजे. आकाश हें त्याचें निमित्त आहे. आणि आमच्या कवीनें निमित्तालाच विषय समजून सहा कडवीं खर्च केलीं आहेत.

आतां, असें गाणें मराठींत शोभेल काय? आमच्या जुन्या काव्यांत विमानें विपुल आहेत. वैमानिक मात्र औषधालाहि सांपडत नाहीं. पुष्पक विमान स्वामीच्या इच्छेनें चालतें. तुकोबांस न्यावयास वैकुंठाहून विमान आलें असें भाविक सांगतात, पण तें कोण हांकीत होता असें कोणींच विचारलें नाहीं. विमान आलें, पुण्यवान माणूस बसला, विमान गेलें. वाहून नेणाराची कांहीं जबाबदारी असते ही कल्पना आमच्याकडे विमानाशीं जोडलेली नाहीं, ती रथाशीं जोडलेली आहे. आणि तेथें ती फार खोल जोडलेली आहे. सुमंत्राकडे पाहावें. रामाला वनाच्या कडेपर्यंत रथांतून नेऊन सोडणारा हा वृद्ध सूत. त्यानें कांहीं पाप केलें नाहीं, राजाज्ञा पाळली. तरी रिकामा रथ घेऊन अयोध्येस परततांना त्याची काय अवस्था होते, घोडेसुद्धां कसे पाय ओढीत चालतात, हें वाल्मीकीनें टाळलें नाहीं. अक्रूराची गोष्ट याच्याहि पुढची. कृष्णाला मथुरेस नेण्याकरितां तो रथ घेऊन गोकुळांत आला. आणि ज्यांच्या घरांतून तो ठेवा उचलला गेला त्या गोपींनीं त्याच्या नांवावरच बोट ठेवलें कीं, हा कसला अक्रूर, हा तर क्रूर! आमच्या आयाबहिणींच्या कित्येक गौळणी याच एका आक्रोशावर उभ्या आहेत. गीतरामायणांत गदिमांनीं रामाला गंगापार नेणाऱ्या नावाड्यांच्या तोंडींहि एक गीत घातलें आहे. तेव्हां ‘आम्ही फक्त पोंचवितों’ असें म्हणणाऱ्या माणसाचें मन मराठी श्रोत्यास नवें नाहीं. नवी आहे ती त्याची गोणी.

गोणी तरी नवी आहे काय? नगरच्या कवीनें हा विषय निवडतांना आपल्याच जिल्ह्याचा इतिहास लक्षांत घेतलेला दिसत नाहीं. इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांत सरकारी परवान्यानें गांजाची लागवड होत असे, आणि ती ज्या भागांत विशेष होई त्यांत नगर जिल्हा अग्रभागीं होता. १८९३-९४ सालीं भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीकरितां सरकारनें जें मंडळ नेमलें, त्याच्या अहवालांत या लागवडीची माहिती आली आहे. आणि त्या मंडळाचा एकंदर निर्णय असा होता कीं, बेताच्या सेवनानें फारसा अपाय होत नाहीं, सबब बंदी न घालतां कर बसवावा. म्हणजे ज्या पिकाबद्दल पुढें १९८५ च्या मादकद्रव्य-कायद्यानें माणूस वर्षानुवर्षें तुरुंगांत जातो, त्याच पिकावर एके काळीं तलाठी व फौजदार सरकारी शिक्के मारीत होते. गांजाची गोणी बैलगाडींतून सरकारी गोदामांत नेणारा नगरकडचा गाडीवान हा चोर नव्हता. गोणी तीच होती. अफूची कथा तर याहून मोठी आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई. येथें ती कायदेशीर, तेथें ती बंदी घातलेली. म्हणून परदेशी जहाजें चीनच्या किनाऱ्याजवळ लिंटिन बेटाशीं नांगर टाकून उभीं राहात व पेट्या चिनी होड्यांवर उतरवून देत. चीन सरकारनें अडविलें तेव्हां १८३९ ते १८४२ पर्यंत इंग्रजांनीं लढाई केली. पुढें १८४३ मध्यें सिंध घेतल्यावर कराचीची वाटहि इंग्रजांच्या हातीं गेली आणि मुंबईचा मक्ता पक्का झाला. या व्यापारांत ज्यांनीं संपत्ति मिळविली त्यांत सर जमशेटजी जीजीभाई हे एक होते. त्यांच्याच औदार्यानें मुंबईस १८४५ सालीं मोठें रुग्णालय व १८५७ सालीं कलाशाळा मिळाली. त्या रुग्णालयांत बरे झालेल्या व त्या शाळेंत चित्रकला शिकलेल्या हजारों मराठी माणसांत आमचेहि आप्त आहेत. म्हणून हें लिहितांना आम्हांस कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावयाचें नाहीं. पण त्या जहाजांवरच्या तांडेलांनीं ‘किती पेट्या’ एवढेंच विचारलें असेल ना? त्यांच्या तोंडचें एकहि मराठी गाणें आमच्या ऐकण्यांत नाहीं. आमच्या कवीस बहामा बेटांपर्यंत जावें लागलें याचें हें एक कारण असावें.

स्वातंत्र्योत्तर काळांत विमानवाल्यांचे नमुनेहि येथें पाहावयास मिळाले. चोरट्या व्यापाराच्या प्रकरणांत अडकलेल्या वॉलकॉट नांवाच्या अमेरिकनाचें विमान दिल्लीच्या सफदरजंग तळावर अटकावून ठेवलें होतें. १९६३ च्या सप्टेंबरांत ‘इंजिन तपासून पाहातों’ असें सांगून तो त्यांत बसला आणि सरळ पाकिस्तानांत उडून गेला. मागाहून सोडलेलीं लढाऊ विमानें त्यास गांठूं शकलीं नाहींत. लोकांस या गोष्टीची अशी कांहीं मौज वाटली कीं, कायदा कोणाचा मोडला याचा विसरच पडला. याच्या उलट १९९५ ची पुरुलियाची गोष्ट. १७ डिसेंबरच्या रात्रीं एका रशियन बनावटीच्या मालवाहू विमानानें बंगालमधील त्या जिल्ह्यांतील खेड्यांवर बंदुका व काडतुसें यांच्या पेट्या छत्रींनीं सोडल्या. चारच दिवसांनीं तेंच विमान पुन्हां आपल्या आकाशांत आलें, तेव्हां त्यास मुंबईस उतरावयास भाग पाडण्यांत आलें. खरा सूत्रधार विमानतळावरूनच निसटला! हातीं लागले ते भाड्यानें आणलेले पांच लाटव्हियन विमानकर्मचारी आणि एक इंग्रज. २००० सालीं कलकत्त्याच्या न्यायालयानें त्यांस जन्मठेप दिली. त्याच वर्षीं त्या पांचांस व २००४ मध्यें त्या इंग्रजास माफी मिळाली. वाहाणारा तुरुंगांत आणि पाठविणारा मोकळा, ही या धंद्याची रीतच आहे. आणि आमच्या कवीच्या नायकाला तिची जाणीवहि नसावी, याचें नवल वाटतें.

एवढ्यावरून कोणी असें समजूं नये कीं, आम्ही वाहाणाऱ्याला निर्दोष ठरवीत आहों. कोंकणच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षें सोनें व चांदी चोरून उतरत होती. होडीवाले, गाडीवाले, डोळे मिटून घेणारे शिपाई, साऱ्यांस त्याची संवय झाली होती; कितीं पाट्या, कितीं पैसे, एवढाच हिशेब. १९९३ च्या आरंभीं दिघी व शेखाडी येथें त्याच वाटेनें, त्याच संवयीच्या जोरावर, स्फोटकें उतरलीं, आणि १२ मार्च रोजीं मुंबईंत अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. ‘काय’ न विचारण्याची किंमत कोण देतो हें त्या दिवशीं कळलें. कवीनें दूरच्या फ्लॉरिडाचा वैमानिक खुशाल घ्यावा. परंतु लिहितांना शेखाडीची वाळू त्याच्या पायांखालीं असूं द्यावी.

आतां रचनेच्या प्रश्नाकडे वळूं. कवीनें पोवाडा निवडला, आणि आमच्या मतें येथेंच त्याचा पाय घसरला. पोवाडा हा स्तुतीचा बाणा आहे. अफझलखानाच्या वधावर पोवाडा करणाऱ्या अज्ञानदासास घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचें प्रसिद्धच आहे. तेथें नायक बक्षिसास आणि पोवाड्यास सारखाच योग्य होता, म्हणून तें शोभलें. मेक्सिकोंत आमच्या पोवाड्यासारखाच ‘कोरिदो’ नांवाचा एक प्रकार आहे. १९१० च्या राज्यक्रांतींत त्यानें बंडवाल्या वीरांचें गुणगान केलें. १९७० नंतर तोच कोरिदो मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्यांचें गुणगान करूं लागला, इतका कीं पैसे देऊन स्वतःवर गाणीं करवून घेण्याची चाल तेथें पडली. चालिनो सांचेझ हा अशीं गाणीं करून देणारा गाजलेला गायक. १९९२ सालीं कुलियाकान शहरांत एका जलशानंतर त्याचा खून झाला. डफ वाजूं लागला कीं माणसाची छाती फुगते. ती कोणासाठीं फुगत आहे हें डफ पाहात नाहीं. आमच्या कवीच्या मनांत गौरव नाहीं, हें त्याच्या पत्रावरून स्पष्ट आहे. पण पोवाड्याच्या चालीनें त्याच्या नकळत तो गौरव केलाच आहे, आणि मग त्याचें प्रायश्चित्त म्हणून शेवटचें उपदेशाचें कडवें जोडावें लागलें आहे.

तें कडवें म्हणजे सरळ फटका आहे. फटका कसा असावा हें संगमनेरास जाऊन विचारावें. अनंत फंदी तेथलाच. त्यानें पोवाडे रचले, लावण्या रचल्या, तमाशा गाजविला. आणि अहिल्याबाई होळकरांनीं कानउघाडणी केल्यावर तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला अशी आख्यायिका आहे. बाईंचा जन्म याच जिल्ह्यांतल्या चौंडीचा, आणि आज जिल्ह्यास नांवहि त्यांचेंच. म्हणून ही आख्यायिका नगरकरांस विशेष प्रिय असणें साहजिक आहे. फंदीच्या फटक्यांचें बळ कशांत आहे? तो समोरच्या माणसास उद्देशून बोलतो, आणि बोलणारा जगांत वावरलेला, चार ठेंचा खाल्लेला आहे हें त्याच्या शब्दाशब्दांत जाणवतें. तो दुसऱ्याचा वेष घेऊन फटका मारीत नाहीं. आमच्या कवीनें मात्र आठ कडवीं वैमानिकाचें सोंग घेतलें, आणि नवव्यांत सोंग न उतरवतांच फटका मारला. त्यामुळें ऐकणारा म्हणतो, हा म्हातारा पैसे गांठीं बांधून झाल्यावर आतां आम्हांस शहाणपण शिकवीत आहे! उपदेश खरा असूनहि खोटा वाटतो, तो यामुळें.

सोंग कसें निभवावें याचा धडा नाथांच्या भारुडांत आहे. तेथें बोलणारी कधीं वेडी असते, कधीं जोगीण असते, कधीं विंचू चावलेली बाई असते. ती आपलेंच गाऱ्हाणें गाते, आणि ऐकणारास त्या गाऱ्हाण्याच्या आंतला दुसरा अर्थ आपोआप लागतो. नाथ मध्येंच सोंग फेकून ‘आतां मी एकनाथ बोलतों’ असें म्हणत नाहींत. बोलणारास एक ऐकूं येतें, श्रोत्यास दोन ऐकूं येतात. वैमानिकाच्या गाण्यांतहि हेंच साधलें पाहिजे. त्यानें आपल्या हुशारीची हकीकत सांगावी, आणि आपण तींतून त्याचें भय व त्याची टाळाटाळ ऐकावी.

म्हणून आमची सूचना अशी कीं, या गाण्यास कैफियतीचें रूप द्यावें. जुन्या दप्तरांत कैफियती पुष्कळ आहेत. सरकारानें विचारलें, आणि पाटलानें, देशमुखानें, मठकऱ्यानें आपली हकीकत लिहून दिली. कैफियत लिहिणारा कधीं सरळ खोटें बोलत नाहीं. तो सोईचें तेवढें विस्तारानें सांगतो आणि गैरसोईचें ओझरतें उल्लेखून पुढें जातो. विचारणाराचा प्रश्न कागदावर नसतो, तरी तो सारखा ऐकूं येत असतो. आमच्या वैमानिकास असाच कोणा अदृश्य अधिकाऱ्यापुढें, वाटल्यास स्वतःच्या मुलीपुढें, उभा करावा. ती विचारते, ‘काय होतें त्यांत?’ आणि तो सांगतो वजन. ती पुन्हां विचारते, आणि तो सांगतो इंधन. मग वारा, मग धावपट्टीची लांबी, मग किती पैसे मिळाले तें. प्रत्येक उत्तर खरें, नेमकें, आंकड्यांनीं भरलेलें. आणि प्रत्येक उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचें. ध्रुपदास ‘किती’ हा एकच शब्द पुरे होईल. चांदणें येऊं द्यावें, पण तें भीतीचें कारण म्हणून. कारण चांदण्यांत विमान दिसतें. आमच्या कवीनें सहा कडवीं ज्याचें गुणगान केलें त्या चंद्राची या माणसाला खरोखर धास्ती वाटत असली पाहिजे.

घटनांची वाण नाहीं. बॅरी सील हा असाच एक वैमानिक; एका मोठ्या अमेरिकन विमान-कंपनींत नोकरी केलेला, विद्येंत तरबेज. पकडला गेल्यावर १९८४ सालीं तो सरकारचा खबऱ्या झाला, आणि विमानांत छुपा कॅमेरा बसवून निकाराग्वांत कोकेनच्या पिशव्या चढविल्या जात असतांनाचीं छायाचित्रें त्यानें आणलीं. सारा जन्म ‘काय’ हा प्रश्न टाळलेल्या माणसाच्या विमानानेंच शेवटीं त्याचें उत्तर दिलें! १९ फेब्रुवारी १९८६ रोजीं बॅटन रूज शहरांत, न्यायाधीशानें जेथें रात्रीं राहावयास फर्माविलें होतें त्या आश्रमाच्या दारांत, त्यास गोळ्या घालण्यांत आल्या. आणि दुसरी घटना २० एप्रिल २००१ ची, पेरू देशांतली. तेथील लढाऊ विमानानें एक लहान विमान चोरट्यांचें समजून त्यावर मारा केला. आंत अमेरिकन मिशनरी कुटुंब होतें. आई आणि तिची तान्ही मुलगी जागच्याजागीं गेल्या. वैमानिकाच्या पायांत गोळ्या शिरल्या असतांहि त्यानें विमान नदीवर उतरविलें. मिशनरी कुटुंबें नगरकरांस परकीं नाहींत. १८३१ पासून त्यांनीं तीं पाहिलीं आहेत. चोरट्या विमानांनीं आकाश इतकें संशयित करून ठेवलें कीं, त्यांत एका लेकराला घेऊन जाणें धोक्याचें झालें. हा एक प्रसंग आमच्या कवीच्या वैमानिकानें वर्तमानपत्रांत वाचावा, आणि त्यावरहि त्यानें विचारावें तें एवढेंच कीं, तें विमान कोणत्या जातीचें होतें व किती उंचीवर होतें. त्या कडव्यानंतर उपदेशाची गरज राहाणार नाहीं.

चोराचें स्तोत्र ठरेल काय, या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर यांतच आलें आहे. पण एक गोष्ट स्पष्ट बोलावयास हवी. आमच्या वाचकांतील कांहीं सज्जन म्हणतील, असले विषयच नकोत. मुलांच्या कानांवर त्या पदार्थांचीं नांवें तरी कशाला? त्यांस आमची विनंति कीं, फेब्रुवारी २०२४ मध्यें पुणें पोलिसांनीं दौंड तालुक्यांतील कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यांतून शेंकडों किलो मेफेड्रोन जप्त केलें, तें आठवावें. भीमेच्या अलीकडे श्रीगोंदें, पलीकडे दौंड. तेथें वैमानिक लागला नाहीं, धावपट्टी लागली नाहीं. पगारी माणसें कामावर येत, माल पिंपांत भरला जाई, मोटारी निघून जात. त्या साखळींत ‘किती’ विचारणारीं माणसें कितीतरी असतील, आणि त्यांपैकीं बरींच आपल्यासारख्याच घरांतलीं, शिकलेलीं, महिनाअखेरीस पगार घरीं आणणारीं असतील. त्यांचें गाणें कोणीं केलें नाहीं. तूर्त परक्या वैमानिकाच्या तोंडून तें ऐकावयास मिळालें तर आम्हांस तें नको नाहीं.

राहिली चाल. डफ काढून टाकावा असें वर सुचविलेंच आहे. पण तुणतुणें ठेवावें. एकाच तारेचा तो एकसुरी आवाज या विषयास फार जुळेल, कारण सहा तास एकाच सुरांत घरघरणारें इंजिन ज्यानें ऐकलें त्याच्या कानांत दुसरें कांहीं उरत नाहीं. कवीनें एकदां काकडीच्या विमानतळाजवळील शेतांत जाऊन उभें राहावें. १ ऑक्टोबर २०१७ पासून तेथें शिर्डीच्या यात्रेकरूंचीं विमानें उतरतात. उडणाऱ्या विमानाचा आवाज कसा चढतो व कोठें एकसारखा होतो तें तेथें नीट ऐकूं येईल. सातवें व आठवें कडवें पार गाळावें. पहिल्या सहांतील दोनच ठेवावीं, तिसरें आणि पांचवें, कारण त्यांत समुद्रावरचा वास आला आहे. दुसरा खर्डा झाल्यावर तो आमच्याकडे अवश्य पाठवावा.